बोम्मसंद्र्याचं कापलेलं धुराडं

बेंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्यातल्या एका औषध कंपनीने शैलजा नावाच्या केमिस्टला फसवलं, आणि ते माझ्या नावाचं स्टिकर वापरून फसवलं. फसवणाऱ्याचं नाव चांदेकर. कंपनीचा प्रोजेक्ट मॅनेजर. पुण्याहून आलेला, मराठी माणूस. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी कोणावर चिडले आहे ते शोधायला नको.

मी लॅबोरेटरी बांधते. म्हणजे इमारत नाही, आतलं सगळं. टेबलं, सिंक, गॅसच्या लाइनी आणि मुख्य म्हणजे हवा. माझी शेड पीण्यात, बेंगळूरच्या औद्योगिक वसाहतीत आहे. शाळा संपली तशी मी तिथल्याच एका शेडमध्ये पत्रा वाकवायला शिकले आणि पुढे स्वतःची शेड टाकली. आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळूरचं. घरी मराठी बोलतो, राग आला की कन्नड येतं. गेल्या वर्षी मी बहुतेक कन्नडच बोलत होते.

आता हवेचं समजून घ्या, सोपं आहे. केमिस्ट ज्या काचेच्या कपाटात हात घालून काम करतो त्याला फ्यूम हूड म्हणतात. आत सॉल्व्हंट उकळतात, ॲसिडची वाफ येते. ती वाफ तोंडावर येऊ नये म्हणून टेरेसवरचा पंखा तिला ओढून घेतो आणि धुराड्यातून वर फेकतो. साइटवर आम्ही त्याला स्टॅक म्हणतो. लॅबमधली हवा परत फिरवायची नसते. सगळी बाहेर टाकायची आणि तेवढीच नवी हवा बाहेरून आत घ्यायची. नवी हवा आत घेण्याची जाळी असते, तिला इनटेक म्हणतात. इनटेक टेरेसवर एका टोकाला आणि धुराडं दुसऱ्या टोकाला, शिवाय खूप उंच. का? तर मोरीचं पाणी विहिरीत सोडत नाहीत म्हणून. यापेक्षा अवघड काही नाही.

ऑर्डर घेतानाच चांदेकर धुराड्यावर अडला होता.

“अक्का, एवढं उंच कशाला? वीटभट्टी आहे का?”

“साहेब, टेबलाच्या लाकडात भाव करा. हँडलमध्ये करा. सिंकच्या नळात करा, मी बसलेय. धुराड्यात करायचा नाही.”

“आपण मराठी माणसं. थोडं तरी...”

“म्हणूनच नळात ऐकून घेतेय. दुसरा असता तर तिथेही ऐकलं नसतं.”

भाव करण्यात मला कोणी हरवत नाही. धुराडं ड्रॉइंगमध्ये होतं तेवढंच उभं राहिलं. आर्किटेक्टने नाक मुरडलं. त्याची दर्शनी बाजू म्हणे काचेची होती आणि होसूर रोडवरून ते धुराडं दिसायचं. दिसू दे, म्हटलं. मी सगळं टेस्ट केलं, प्रत्येक हूडवर माझ्या कंपनीचं ‘टेस्टेड’ स्टिकर लावलं आणि काम सोपवलं.

पावसाळ्यात चांदेकरचा फोन आला. “अक्का, तुमच्या हूडची तक्रार आहे. एका मुलीचं डोकं दुखतं.”

मी स्वतः गेले. ती मुलगी म्हणजे शैलजा. मंड्याकडची, एम.एस्सी. झालेली, घरात पगार आणणारी एकटी. तिचे डोळे लाल होते आणि बोलताना मध्येच खोकत होती. हूडसमोर मी मीटर धरला, कागदाची पट्टी धरली, धूर सोडला. हूड छान ओढत होता. माझा हूड ओढणारच.

“बघा,” चांदेकर सगळ्यांसमोर म्हणाला, “हूड ओके, अक्कांचं स्टिकर आहे. मॅडमना लॅब सूट होत नाही, एवढंच. ॲसिडिटी असेल.”

शैलजाचा चेहरा उतरला. मी म्हटलं, “टेरेस दाखवा.”

“चावी फॅसिलिटीवाल्यांकडे आहे. ते आज नाहीत.”

मी तिथेच भांडले. उपयोग झाला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, तर वॉटरप्रूफिंग चालू होतं. त्यानंतर वीज बोर्डाची माणसं होती. ज्या माणसाला स्वतःच्याच टेरेसवर जायला इतके अडथळे येतात तो काहीतरी लपवतो आहे हे मला कळत होतं. पण दुसऱ्याच्या इमारतीचं कुलूप मी तोडू शकत नव्हते. दरम्यान शैलजाला लॅबमधून उठवून कॉरिडॉरच्या टोकाच्या रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. महिनाअखेर राजीनामा दे, असं एचआरने तोंडी सांगितलं. हे तिने मला फोनवर सांगितलं, रडून नाही, चिडून. “अक्का, इथे बसूनही मला लॅबमधला तोच वास येतो. मी वेडी आहे का?”

“नाहीस,” मी म्हटलं. “थोडं थांब.”

मी आयुधपूजेची वाट बघत होते.

आपल्याकडे खंडेनवमी म्हणतात ती. इथे त्या दिवशी कारखान्यात कुठलंही कुलूप लागलेलं राहत नाही. लेथपासून लिफ्टपर्यंत प्रत्येक यंत्र धुऊन पुसून त्याला कुंकू, झेंडूची माळ, केळीचे खुंट. टेरेसवरच्या पंख्यांनासुद्धा. पंख्याला माळ घातली नाही तर इलेक्ट्रिशियन मंजुनाथ वर्षभर त्याला हात लावणार नाही. सप्लायरांना आमंत्रण असतं. मी नवी साडी नेसून गेले.

लॅबमधून सॉल्व्हंटच्या बाटल्या आदल्या दिवशीच हलवल्या होत्या, तेवढी अक्कल होती. पुरोहिताने निखाऱ्यांवर सांब्राणी टाकली. म्हणजे आपला ऊद. पांढरा धूर लोटला. आरती झाली की प्रत्येक यंत्र थोडा वेळ चालू करायचं अशी रीत. मंजुनाथने हूड चालू केले आणि पुरोहिताने धुपाटणं हूडच्या तोंडाशी धरलं. धूर सरसर आत गेला.

“क्या बात है,” चांदेकरने टाळ्या वाजवल्या. “अक्का, तुमच्या हूडने देवाचा धूपसुद्धा गिळला!”

लोक हसले. मी पण हसले. मग कॉरिडॉरच्या टोकाला गेले.

रेकॉर्ड रूमचं दार बंद होतं. आत अजून पूजा व्हायची होती. शैलजा नाकाला पदर लावून उभी होती आणि वर बघत होती. मी आत जाऊन दार लावून घेतलं, खुर्चीवर चढले आणि छतातल्या एसीच्या जाळीला नाक लावलं. सांब्राणी. देवळात येते तशी, दाट.

“बाकीच्या दिवशी इथूनच येतो,” शैलजा कन्नडमध्ये म्हणाली. “तेव्हा सांब्राणीचा नसतो.”

मी वर सांगितलं ते आठवा. लॅबची हवा परत फिरत नाही. हूडने गिळलेला धूर छतातून परत येत असेल, तर तो टेरेसवरूनच आत येतो.

जिना मी जवळजवळ पळत चढले. मागून मंजुनाथ, “अक्का, स्वल्प हळू, साडी!” टेरेसचं दार सताड उघडं होतं.

माझं धुराडं कंबरेइतकं राहिलं होतं. वरचा सगळा भाग कापून टाकला होता. उरलेल्या बुंध्यावर एक बाक, म्हणजे वाकडा पाइप, जोडून त्याचं तोंड आडवं फिरवलं होतं, म्हणजे होसूर रोडवरून काही दिसायला नको. तोंड फिरवलं होतं सरळ इनटेककडे. त्या बाकाला कुंकू लावलं होतं, झेंडूची माळ घातली होती. माळ वाऱ्याने फडफडत होती. आणि समोर इनटेकच्या जाळीवर झेंडूच्या पाकळ्या चिकटून बसल्या होत्या, जणू कोणी मुद्दाम सजवलं होतं.

चांदेकर धापा टाकत वर आला.

“कोणी कापलं?” मी विचारलं.

“अक्का, आज सणाचा दिवस...”

“कोणी कापलं?”

“एमडी साहेबांना फॉरेन क्लायंटच्या व्हिजिटआधी फ्रंट क्लीन पाहिजे होता. आर्किटेक्टने सजेस्ट केलं. हूड तर ओढतोय ना?”

“ओढतोय. आणि त्या पोरीच्या छातीत सोडतोय. तुम्हाला माहीत होतं. म्हणून चावी सापडत नव्हती.”

तो जवळ आला, आवाज खाली आणला. “येलहंक्याला नवी बिल्डिंग येतेय. त्याची लॅब तुमचीच. फक्त एवढं म्हणा, की हा बदल तुमच्या सल्ल्याने केला. आपापसात मिटवू. मराठी माणसं आहोत.”

मी मंजुनाथकडे बघितलं. तो माळेकडे बघत होता.

“सरी,” म्हणजे ठीक आहे, मी म्हटलं आणि खाली उतरले. चांदेकरला वाटलं, सौदा झाला.

लॅबमध्ये लोक प्रसाद खात होते. मी पहिल्या हूडपाशी गेले आणि नखाने माझं स्टिकर खरवडायला लागले. मग दुसरं. मग तिसरं. लोक चुरमुरे तोंडात तसेच धरून बघत राहिले.

“अक्का, काय करताय? क्लायंटचं ऑडिट आहे!”

“म्हणूनच. ऑडिटर आधी स्टिकर बघतो. आता माझी अट ऐका. हूड आत्ता बंद. धुराडं होतं तेवढं. आणि शैलजा परत तिच्या टेबलावर. यात भाव नाही.”

त्याने मला ब्लॅकमेलर म्हटलं. मी त्याला काय म्हटलं ते कन्नडमध्ये होतं, इथे लिहीत नाही.

धुराडं झालं. ऑडिटच्या आधी, घाईघाईत, दुसऱ्याच माणसाकडून. पण उंच झालं, मी रस्त्यावरून जाऊन बघितलं. माझ्या अटीतला तो भाग त्यांना परवडला. शैलजाचा नाही. तिला परत घेतलं तर आधी ती खोटं बोलत नव्हती हे मान्य करावं लागलं असतं. तिच्याकडून ‘वैयक्तिक कारण’ लिहून घेतलं. ती आता मंड्याला कोचिंग क्लासमध्ये शिकवते आणि पर्समध्ये इनहेलर ठेवते. फळ्यावर खडूने लिहिलं की तिला खोकला येतो.

या धंद्यातल्या लोकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. हूडची टेस्ट फक्त हूडसमोर करू नका. टेरेसची चावी आधी मागा. चावी मिळत नसेल तर टेस्ट तिथेच संपली असं समजा आणि सही करू नका.

चांदेकर आता येलहंक्याच्या इमारतीचा प्रमुख आहे. आर्किटेक्ट दर्शनी बाजूचे फोटो लोकांना दाखवतो. एमडी साहेबांचं मला माहीत नाही, ते कधी टेरेसवर आलेच नाहीत. या तिघांपैकी कोणीही एकाने मंड्याला जावं. क्लास सुटेपर्यंत बाहेर थांबावं. आणि शैलजा बाहेर आली की तिच्यासमोर उभं राहून, पूर्ण वाक्यात, सांगावं की तुला लॅब सूट होत नव्हती हे आम्हाला कोणत्या डॉक्टरने सांगितलं होतं. पत्ता माझ्याकडे आहे. मागायला पीण्याला या.