कुयलीवाल्या बाई

४ डिसेंबर. सकाळी परसात खड्डा खणला आणि खाजकुयलीच्या बरण्या रिकाम्या केल्या. शेंगांवरची ही लव कोरडी उडाली तर अख्खी आळी खाजवत बसेल, म्हणून आधी पाण्यात भिजवली, शेणात कालवली, मग पुरली. प्रयोगशाळेतलं कपाट नव्या माणसाला हवं होतं, म्हणून बरण्या कापूरहोळला घरी आणल्या होत्या. सुमती मॅडमना जाऊन पंधरवडा झाला. मी रडले नाही. खड्डा बुजवला, हात धुतले, भात लावला.

मॅडमनी सारं आयुष्य वेदना आणि खाज यांच्यामागे घालवलं. दुखलं की आपण हात मागे घेतो, खाजलं की हात तिथेच जातो. एकाच कातडीला या दोन गोष्टी वेगळ्या कशा कळतात, हा त्यांचा प्रश्न. मूत्रपिंडाचे रोगी, भाजून बरे झालेले लोक खाजवून रक्त काढतात आणि ॲलर्जीच्या गोळीने त्यांना उतार पडत नाही. कुयलीची खाजही त्या गोळीला दाद देत नाही, म्हणून मॅडमना कुयली हवी होती. त्यांनी मला मुलाखतीत विचारलं, "तुमचं माहेर विंझरचं ना? कुयली कुठे सापडते?" मी म्हटलं, "आमच्याकडे ती कुठे टाळायची एवढंच सांगतात." मदतनीस म्हणून नोकरी मिळाली.

दर हिवाळ्यात आम्ही विंझरला जायचो. वरच्या वाडीतली हिराबाई धनगरीण शेळ्यांमागे रान फिरायची, तिला सगळे वेल ठाऊक. शेंगा दव असेपर्यंतच तोडायच्या, ऊन चढलं की लव उडते. तोडून झाल्या की मॅडम तिथेच बांधावर बसून चिमट्याने थोडी लव आपल्या हातावर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि सांगायच्या. "टोचलं. मुंगी चालली. आता आग. आता खाज." मी लिहून घ्यायची. त्या कधी खाजवायच्या नाहीत.

"पगार घिऊन खाज लावून घेत्यात, आन् वर खाजवत बी न्हाईत," हिराबाई मला म्हणायची. "ताई, तुमच्या बाईंच्या घरी कुनी हाय का न्हाई बगायला?"

"खाजवलं की पुरावा गेला, हिराबाई," मॅडम हसायच्या. "खाजवायचं नाही, सांगायचं." हे वाक्य त्या प्रयोगशाळेत प्रत्येकाला ऐकवत. एकदा सासरच्या कटकटीने वैतागून मी बरण्या आदळत होते, तेव्हा मलाही ऐकवलं. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला एक दिवस रजा दिली. सल्ला दिला नाही.

तीन हिवाळ्यांपूर्वी विंझरला जाताना कापूरहोळच्या ढाब्यावर चहा घेतला. पेले इतके कढत होते की मी माझा पदराने धरला. मॅडम हातात तसाच धरून बोलत राहिल्या. मला वाटलं, सवय असेल.

त्या दिवशी बांधावर त्यांनी लव लावली, डोळे मिटले आणि खाजेची वाट पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "काही नाही. शेंगा बाद दिसताहेत."

हिराबाईला राग आला. "बाद? माज्या वेलाच्या? आना हिकडं हात, ताई." मी नको म्हणायच्या आत तिने एक शेंग माझ्या मनगटाला लावली. क्षणात मी नाचायला लागले. हिराबाईने धावत जाऊन शेण आणलं. "बाद म्हनं," ती माझ्या हाताला शेण थापत पुटपुटली.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दुसऱ्या हाताला लव लावली. थांबल्या. मग साडीची पिन काढून दोन्ही हातांना टोचून पाहिली. शेवटी मला म्हणाल्या, "बोट फिरवा." मी फिरवलं. "हे कळतंय. टोच कळत नाही, खाज नाही. सकाळी चहाही कढत होता का हो?"

"होता."

"मग हातात काही नाही. मानेत आहे. दोन्ही हातांचं दुखणं, खाजणं, ऊन-थंड मानेतल्या मज्जारज्जूत मधोमध बाजू ओलांडतं, स्पर्शाची वाट वेगळी. तिथे काहीतरी वाढतंय." खाजेबद्दल सांगायच्या त्याच आवाजात सांगितलं. "लिहा, शैला."

मी लिहिलं.

तपासणीत मानेत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पण हातांची जाणीव काही परत आली नाही. मॅडम खुर्चीत बसून काम करत राहिल्या. नवी लव आली की माझ्या हाताला लावायला सांगायच्या आणि विचारायच्या, "आता काय होतंय?" माझ्या तोंडून ऐकताना त्यांचे डोळे मिटलेले असायचे.

हे सगळं आज भात शिजेपर्यंत आठवून झालं. संध्याकाळी हिराबाईचा मोबाईलवरून फोन आला. "शेंगा वाळल्यात, ताई. बाईंना घिऊन कवा येताय?"

"उद्या येते," एवढंच मी म्हटलं.

५ डिसेंबर. पहिल्या एसटीने विंझरला गेले. दव होतं. हिराबाईने माझ्या मागे पाहिलं. मी सांगितलं. ती खाली बसली, डोळ्यांना पदर लावला. मी उभीच होते. मग पिशवीतून चिमटा काढला, तिच्या शेजारी बसले आणि एका शेंगेची थोडी लव हातावर ठेवली.

"आवो, काय करताय?"

डोळे मिटले. आधी काहीच नाही. मग टोचलं. मग आग. मग खाज आली ती खांद्यापर्यंत, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"खाजवा की, ताई."

"नाही," मी म्हटलं आणि सांगायला लागले.