एका आवर्तनाचा उजेड

काल सुनेनं कांदे मुरवायला व्हिनेगरची बाटली उघडली आणि त्या आंबट वासानं मी थेट कोपरगावच्या आमच्या फोटो स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन पोचलो. फोटो धुण्याच्या पाण्याला तोच वास असायचा. दुष्काळाचं, बहात्तरचं साल होतं.

छापताना कागदावर उजेड किती वेळ पाडायचा, हे माझे वडील, आण्णा, ठरवायचे. ते भजनात तबला वाजवत. टेबलाच्या कडेवर ते बोटांनी तीनतालाचा ठेका धरायचे आणि एक आवर्तन पुरं झालं की मी दिवा बंद करायचो.

"घाई करू नको," म्हणायचे, "उजेडालाबी लय असती."

एके दिवशी मी नगरहून सेकंद मोजणारं घड्याळ आणलं. आण्णांनी सवयीनं बोटं टेबलावर ठेवली.

"राहू द्या आण्णा. घड्याळ चुकत नाही."

"बरं झालं," ते म्हणाले. "मंग आता माझं काय काम हाय हितं?"

मी नुसता हसलो.

पुढं पुण्यात सिनेमाचं संकलन करताना, कात्री नेमकी कुठं लावायची हे तुम्हाला कसं कळतं, असं लोक विचारत. मी 'अनुभव' म्हणायचो. टेबलाखाली माझी बोटं ठेका धरून असायची. आण्णांना हे सांगायचं राहूनच गेलं.

घड्याळ आणलं त्या दिवशी, मी हसलो तेव्हाच, त्यांना खोलीबाहेर जायचं होतं. पण दार उघडलं असतं तर कागद काळा पडला असता. म्हणून मी छापलेला फोटो धुऊन होईपर्यंत ते लाल उजेडात तसेच उभे राहिले, हात मागे बांधून, बोटं न हलवता.