शिट्टीकाकांचा दोर

चार माणसं एकत्र दिसली की शिट्टीकाकांचा हात आपोआप गळ्यातल्या शिट्टीकडे जायचा. पुण्यातल्या एका मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीत ढोलपथकाभोवतीचा दोर त्यांनी तरुणपणापासून सांभाळला होता. नोकरीतली सगळी रजा त्यातच जायची. "दोर धरणाऱ्यानं मूर्तीकडे पाठ करायची नाही, उलटं चालायचं," हा त्यांचा नियम. अमेरिकेत बॉथेलला लेकीकडे, म्हणजे माझ्या शेजारी, आले तेव्हाही शिट्टी गळ्यात होतीच.

इथली माणसं न सांगता रांग लावतात, याचा काकांना मनापासून राग यायचा. एकदा नातीच्या शाळेबाहेर त्यांनी शिट्टी वाजवून सगळ्या गाड्या उलट्या दिशेनं वळवल्या. नात म्हणाली, "आजोबा, प्लीज स्टॉप. एव्हरीवन इज लुकिंग." काका म्हणाले, "बघू देत. बघितल्याशिवाय शिकणार कसे?"

लायब्ररीत कोणी मोठ्यानं बोललं, तेव्हा त्याला गप्प करायला काकांनी शिट्टी वाजवली. तिथल्या लोरेनबाईंनी हसू दाबत शिट्टी जप्त केली आणि निघताना परत दिली. मग रोजचंच झालं. आत शिरताना काका स्वतःच शिट्टी त्यांच्या टेबलावर ठेवायचे.

त्या लोरेनबाईंचा मुलगा डेरेल कामावरून चालत घरी निघाला होता. हात रिकामे होते. पोलिसांनी त्याला गोळी घातली. तो काळा होता, याखेरीज दुसरं कारण आजवर कोणी मला सांगू शकलेलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी लोरेनबाई मुलाचा फोटो छातीशी धरून पोलीस ठाण्याकडे चालत निघाल्या. बरोबर चर्चमधली थोडी माणसं. काकांनी खिडकीतून पाहिलं आणि गॅरेजमधला कपडे वाळत घालायचा दोर काढला. जावई समीर आडवा आला. "बाबा, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात. अरेस्ट झाली तर डायरेक्ट डिपोर्ट. आमचं ग्रीन कार्डही लटकेल."

"मी कुठे मोर्चाला चाललोय? माणसं रस्त्यानं चालतायत आणि कडेला दोर नाही. गाडी घुसली म्हणजे?"

दोरावरचे चिमटेही न काढता काका निघाले. मागोमाग मी, त्यांना आवरायला. दोन धिप्पाड पोरांच्या हातात दोराची टोकं देऊन काका चक्क मराठीत म्हणाले, "खेचू नका, नुसता धरा." पोरांना ते बरोबर कळलं. मला आवरायला काही उरलंच नाही. माझ्याही हातात दोर आला.

ठाण्यासमोर पोचल्यावर काकांनी घाम पुसत विचारलं, "मॅडम, व्हेअर फिनिश?" मिरवणूक म्हटली की शेवटी विसर्जन, आणि मग घरी जाऊन झोप, एवढंच त्यांना ठाऊक. लोरेनबाई म्हणाल्या, "ही संपत नाही, सर. त्यांनी अजून उत्तरच दिलेलं नाही."

त्या संध्याकाळी काकांनी समीरला परतीचं तिकीट पुढे ढकलायला लावलं. "विसर्जनाआधी कार्यकर्ता घरी जात नाही."

दर शनिवारी गर्दी वाढत गेली. आपापल्या गेलेल्या मुलांचे फोटो घेऊन लांबलांबच्या गावांहून आया आल्या. एका पोराच्या मरणातून अशी चळवळ उभी राहताना मी कधी पाहिली नव्हती. आमची मराठी मंडळीही आली, ऑफिसातल्या कोणी ओळखू नये म्हणून टोप्या आणि गॉगल लावून. दोर धरणाऱ्यांना तिथली पोरं "काका" म्हणू लागली. "हू इज काका टुडे?" असं विचारत यायची.

एका शनिवारी पोलीस ढाली घेऊन रस्ता अडवून उभे राहिले. चिडलेली पोरं त्यांच्या अंगावर जायला निघाली. काका मध्ये घुसले, शिट्टी वाजवली आणि ढालींकडे पाठ करून, लोरेनबाईंच्या हातातल्या फोटोकडे बघत उलटं चालू लागले. फुटपाथवर समीर डोकं धरून उभा होता. पोरं थबकली, पाठोपाठ शांतपणे चालू लागली. काकांची पाठ ढालीला टेकणार एवढ्यात ढाली बाजूला झाल्या. मोर्चा पुढे गेला तेव्हा दोराचं एक टोक समीरच्या हातात होतं.

पुढे चौकशी सुरू झाली, आणि चालूच राहिली. काकांची इथे राहायची मुदत मात्र संपली. विमानतळावर लोरेनबाई आल्या होत्या. काकांनी गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि समीरला म्हणाले, "सांग त्यांना, ही जप्त करा. विसर्जन झालं की परत द्या."

मागच्या वर्षी काका पुण्यात वारले. शिट्टी अजून लोरेनबाईंकडेच आहे.