मामांचा मधला काळ

माझ्या बायकोच्या मामांइतका ठाम माणूस भाईंदर पूर्वेला दुसरा नाही, आणि मला वाटतं, पश्चिमेलाही नसावा. राजकारण, महागाई, शेजाऱ्यांची भांडणं यांवर मामा सहसा मत देत नाहीत. फार आग्रह केला तर म्हणतात, "दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कसं बोलणार?" पण परदेशातून येणाऱ्या अंतराळातल्या सिनेमांच्या त्या मालिकेचा विषय काढा, की हाच माणूस खुर्चीत पुढे सरकतो, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसतो आणि दुसरी बाजू असूच शकत नाही अशा थाटात बोलू लागतो.

मालिकेचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. आमच्या घरात सगळे तिला नुसतं 'जहाज' म्हणतात. एका ओसाड ग्रहावर माणसं राहतात. तिथे पाणी नाही. एक अवाढव्य जहाज दुसऱ्या ग्रहावरून बर्फ भरून तिकडे निघतं, आणि वाटेत लुटारू, उल्का, फितूर खलाशी असं सगळं येतं. आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही. मामा कॉलेजात असताना पहिला भाग त्यांच्या गावच्या टॉकीजला हिंदीत लागला. तेव्हापासून ही मालिका मध्येच थांबत, कॅप्टन बदलत, आजही चालूच आहे. मामांनी तिचे तीन काळ पाडले आहेत. पहिल्या काळात जहाज म्हणजे टेबलावर मावेल एवढा लाकडी नमुना होता आणि कॅप्टन पिकल्या दाढीचा, सदा झोप अपुरी झालेला. मधल्या काळात सगळं कॉम्प्युटरवर आलं. जहाज घासलेल्या पातेल्यासारखं चमकू लागलं आणि कॅप्टन तरुण, देखणा, घरच्या आठवणी काढणारा झाला. नव्या काळात कॅप्टन बाई आहे आणि पडद्यावर कायम अंधार असतो. नव्या काळावर मामांचा राग नाही. "लाइटबिल वाचवतायत, वाचवू देत," एवढंच म्हणतात. मधल्या काळाचं मात्र नाव काढायचं नाही. "तो सिनेमा नाही, फर्निचरचं दुकान आहे. पहिल्याच भागाला इंटरव्हलला उठून आलो मी," हे वाक्य आमच्या नात्यातल्या प्रत्येकाने निदान एकदा तरी ऐकलेलं आहे.

या तीन काळांत मामा सगळं जग बसवतात. खारी गावातली जुनी बैठी घरं आणि त्यांच्या दारातली विहीर हा भाईंदरचा पहिला काळ, त्याभोवती उठलेल्या एकसारख्या इमारती हा मधला, आणि मेट्रोचे खांब हा नवा. सोसायटीचा सेक्रेटरी मधल्या काळातला. "वरून चकचकीत. आत लाकूड सुद्धा नाही." त्यांचे दाताचे डॉक्टर पहिल्या काळातले, कारण ते दात काढण्याआधी स्वतःच घाबरलेले दिसतात. विहारात जयंतीच्या वर्गणीची बैठक चालू असताना मामांनी एकदा उठून सांगितलं होतं, "डीजे हा मधला काळ आहे, लेझीम पहिला." बैठकीतल्या निम्म्या लोकांना काही कळलं नाही. तरी त्या वर्षी लेझीम झालं.

पहिल्या काळातला सिनेमा मामांच्या घरी बघणं हा एक सोहळाच असतो. मध्ये थांबवायचं नाही, चहा मागायचा नाही. कॅप्टनचं हिंदी वाक्य कॅप्टनच्या किंचित आधी मामांच्या तोंडून येतं, त्यामुळे कॅप्टनच मामांची नक्कल करतोय असं वाटतं. आणि जहाज पहिल्यांदा ओसाड ग्रहावर उतरतं तेव्हा मामा उभे राहतात. कारण त्या दृश्यात, नीट बघितलं तर, जहाजाला वरून बांधलेली तार दिसते. "दिसली? दिसली का?" असं ते दर वेळी विचारतात आणि लहान मुलासारखे हसतात. मी एकदा म्हणालो, "मामा, ही तर चूक आहे ना त्यांची?" तर म्हणाले, "अहो जावईबापू, कुणीतरी वर बसून हाताने धरलंय ते जहाज. पडू नये म्हणून. ही चूक आहे होय?" बाजूच्या घरातल्या गुजराती आजी पूर्वी आवाजाची तक्रार करायला यायच्या. आता दार उघडंच असतं, आणि आजी आपल्या स्वयंपाकघरातून ओरडून विचारतात, "भाई, पानी पहुँचा क्या?" मामाही तितक्याच गंभीरपणे उत्तर देतात, "अभी रास्ते में है, बा."

मामांची माझी पहिली भेट माझ्याच पाहण्याच्या कार्यक्रमात झाली. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. जिल्हा परिषदेच्या शाळेपासून सगळ्या परीक्षांची टक्केवारी मी वाटेत पाठ म्हणत आलो होतो. पोह्यांची बशी हातात, पाठ ताठ. सासूबाई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, शिक्षणाकडे वळणार एवढ्यात मामांनी विचारलं, "जहाज बघितलंय का? कोणता काळ आवडतो?" मला वाटलं ही परीक्षाच आहे आणि अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आलाय. मी खरं ते सांगून टाकलं, "एकही बघितलेला नाही. आमच्या गावाला टॉकीज नव्हतं." मामांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "ताई, बघ!" ते धाकट्या बहिणीला ताईच म्हणतात. "मुलगा कोरा आहे. याला सुरुवातीपासून दाखवता येईल." लग्न ठरलं, आणि माझं खरं शिक्षण त्यानंतर मामांच्या हॉलमध्ये सुरू झालं. आपलं मत नावाची एक गोष्ट असते, ती उत्तरपत्रिकेत लिहायची नसते, तिला गुण मिळत नाहीत आणि तरीही ती बाळगावी, हे मला कुठल्याही कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. मामांनी सांगितलं. पहिल्यांदा त्यांना विरोध करून मी म्हणालो की नव्या काळातली कॅप्टन बाई मला आवडते. मामा रागावले नाहीत. माझ्या बायकोला म्हणाले, "आज जेवायला थांबा दोघं. पाहुणा बोलायला लागला."

नात्यातल्या प्रत्येक स्थळाला मामा हाच प्रश्न विचारतात, याची सगळे थट्टा करतात. मीही करायचो. एकदा चेण्याच्या एका लग्नाहून बसने परतताना मी त्यांना विचारलंच, की हे काय विचारता तुम्ही? मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी तरुणपणी खोली बघायला जायचो. पहिला प्रश्न, नाव काय. मग, पूर्ण नाव काय. मग, गाव कोणतं. मग खोली गेलेली असायची. तेव्हाच ठरवलं, आपल्या घरी कुणी आलं तर असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर त्याने जन्मताना बरोबर आणलेलं नसेल."

त्यांच्या या प्रश्नाची खरी कसोटी लागली ती सुजाताच्या वेळी. सुजाता ही त्यांची एकुलती एक मुलगी. मामी गेल्या तेव्हा ती शाळेत होती, आणि तिची वेणी घालण्यापासून मामांनीच तिला वाढवलेलं. तिने उत्तनचा मेल्विन पसंत केला. एकाच ऑफिसात दोघं. सासूबाईंनी हाय खाल्ली. "दादा, अरे मुलगा चर्चमध्ये जातो! तुला काहीच कसं वाटत नाही?"

"चर्चचं काय, रविवारी तासभर जाईल आणि घरी येईल," मामा म्हणाले. "जहाज बघितलंय का त्याने, ते सांग."

सुजाताने होकारार्थी मान हलवली, पण तिचा चेहरा उतरला. कारण तिला माहीत होतं. मेल्विन मधल्या काळातला होता. तोही साधासुधा नाही. त्याच्या मोबाइलची रिंगटोन मधल्या काळातली होती. मामा नाही म्हणाले असते तर तिने पळून जाऊन लग्न केलं नसतं, आणि दुसऱ्या कुणाशीही केलं नसतं. हे तिने माझ्या बायकोला सांगितलं होतं. म्हणून तिने त्याला शिकवणी लावली. पहिल्या काळातले सगळे सिनेमे दाखवले, रिंगटोन बदलायला लावली.

ठरलेल्या रविवारी सकाळी मेल्विन वडिलांबरोबर आला. वडील बोटीवरचे, रापलेले, पिशवीत ताजी पापलेटं. ती सासूबाईंच्या हातात देऊन म्हणाले, "मीठ लावून ठेवा. सकालचीच हाय." मामांनी प्रश्न विचारला. मेल्विनने उत्तर दिलं, "पहिला काळ, काका." सुजाताने श्वास सोडला. मामा खूश होऊन पुढे सरकले. "वा! मग सांगा, पहिल्या भागात जहाज उतरतं तेव्हा काय दिसतं?"

"भव्यता," मेल्विन म्हणाला. "म्हणजे, एकदम भव्य वाटतं."

शेजारून गुजराती आजींच्या मिक्सरचा आवाज येत होता तोही थांबला. मामांनी चष्मा काढला आणि पुसू लागले. मी सुजाताकडे बघायचं टाळलं.

"काका, खरं सांगू का," मेल्विन म्हणाला, "मला मधले आवडतात. सॉरी. हिने पढवून आणलंय मला."

"मेल्विन!" सुजाता.

"नाही, बोलू दे. काका, आमच्या घरी तेवढी एकच डीव्हीडी होती. डॅडी दर्यावर असायचे, कधी येतील सांगता यायचं नाही. त्यात तो कॅप्टन घरी पोचतो ना शेवटी? मी तेवढंच लावून बघायचो. ग्राफिक्स बेकार आहेत, मान्य आहे."

त्याचे वडील घसा खाकरून म्हणाले, "आमी शिनेमा बगत न्हाय. पन ह्यो बगत बसायचा, ह्ये खरं हाय."

मामा चष्मा पुसतच राहिले. सुजाताचा मात्र बांध फुटला. "पप्पा, बोला ना काहीतरी! तो चर्चमध्ये जातो ते चालतं, मासे खातो ते चालतं, आणि एका सिनेमासाठी तुम्ही... तो मधला काळ तुम्ही पूर्ण बघितलाय तरी का?"

"नाही," मामा म्हणाले.

"तेच ना! इंटरव्हलला उठून आलात."

"सिनेमासाठी नाही उठलो." मामा चष्म्याकडेच बघत होते. "तुझ्या आईला बरं वाटत नव्हतं. इंटरव्हलला बाहेर आलो तर ती टॉकीजच्या पायरीवर बसली. म्हणाली, तुम्ही बघून या, मी बसते इथे. मी कसा जाणार? रिक्षा केली, घरी आलो. दुसऱ्या दिवशी दवाखाना. मग तेच चालू राहिलं, शेवटपर्यंत. लोक विचारायचे, सिनेमा कसा होता. ते सगळं कोण सांगत बसणार? म्हटलं, वाईट होता, उठून आलो. मग तेच म्हणत राहिलो."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. इतकी वर्षं त्या हे वाक्य ऐकत होत्या, आणि त्या दिवसांत याच घरात डबा घेऊन येत होत्या. दोन गोष्टी जोडायचं त्यांनाही सुचलं नव्हतं. थोड्या वेळाने त्याच उठल्या. "मी पापलेटं तळते. दादा, तू तो सिनेमा लाव. जिथून राहिला तिथून."

"अर्ध्यातून कुणी सिनेमा बघतं का?" मामा म्हणाले. "सुरुवातीपासून लागेल."

दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही सगळे हॉलमध्ये बसलो. इंटरव्हलच्या जागेपर्यंत मामा नेहमीसारखे होते. जहाज चमकलं की "पातेलं" म्हणायचे, आणि मेल्विन इमानदारीने "हो काका" म्हणायचा. इंटरव्हलनंतर मामा पुढे सरकून बसले. शेवटी कॅप्टन घरी पोचतो. दारात त्याची बायको उभी असते. जहाजावर महिने गेले तेवढ्यात घरी वर्षं गेलेली, तिचे केस पांढरे झालेले. ती काही विचारत नाही, फक्त बाजूला होऊन त्याला आत यायला जागा देते. माझ्या शेजारी मेल्विनचे वडील, जे सिनेमा बघत नाहीत, ते खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसत होते.

सिनेमा संपला. मामा बराच वेळ पडद्यावरची नावं वर सरकताना बघत राहिले. मग म्हणाले, "तिला आवडला असता."

सुजाता जाऊन त्यांच्या पायाशी बसली. मेल्विन मात्र अजून परीक्षेच्या बाकावरच होता. "काका," तो हळूच म्हणाला, "मग... आमचं?"

"याचे अजून दोन भाग आहेत ना?" मामा चष्मा चढवत म्हणाले. "ते कोण दाखवणार मला? दर रविवारी यावं लागेल दोघांना. लग्नानंतरसुद्धा."

लग्न झालं, दोन्हीकडच्या पद्धतीने. सुजाता आता उत्तनला राहते. रविवारी दुपारी, चर्च आटोपून, ती दोघं येतात. दुसरा भाग त्यांनी पहिल्या महिन्यातच बघितला, आणि मामांना तो, त्यांच्याच शब्दांत, "इतका काही वाईट नाही" वाटला. तिसरा मात्र अजून झालेला नाही. मेल्विन दर वेळी लावायला जातो आणि मामा काहीतरी काढतात: आज उकडतंय, आज पहिल्या काळातला बघू, आज नुसतं बोलत बसू. परवा मीच म्हणालो, "मामा, तो तिसरा भाग राहिलाय." मामा गॅलरीत उभे होते. खाली रिक्षातून सुजाता आणि मेल्विन उतरत होते. त्यांच्याकडे बघत, माझ्याकडे न वळता मामा म्हणाले, "राहू द्या हो. घाई काय आहे?"