अण्णांनी थांबवून ठेवलेले इंजिन

सखारामअण्णा मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी नमस्कार केला तो त्यांच्या पाठीला. पोशीरच्या भातगिरणीत मी इंजिन चालवीत असे. इंजिन धापा टाकू लागले, म्हणून गिरणीचे मालक शेठजींनी कर्जतहून अण्णांना बोलावून घेतले. ते गाडीतून उतरले ते थेट इंजिनाकडे गेले. पाणी विचारले तर “मागनं” म्हणाले. आता अण्णांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. अजून त्यांचे पाणी मागूनच असते.

सत्कार समितीने मला त्यांच्या कारागिरीवर लिहायला सांगितले आहे. कर्जतपासून खालापुरापर्यंत तेलाच्या इंजिनाची अशी गिरणी नसेल, जिला अण्णांचा हात लागलेला नाही. त्यांना घटकाभर खुर्चीवर बसवून दाखवावे. लांब कुठे इंजिनाचा ठोका चुकला की स्वारी उठलीच. हे सगळे इतर मंडळी लिहितील. मला मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून चैन पडत नाही. चार दिवस मी कागद लिहितो आहे आणि फाडतो आहे, कारण ती गोष्ट माझ्या लाजेची आहे.

आमचे इंजिन काळा धूर ओकत होते आणि दुपारपर्यंत त्याचा जोर सरत असे. शेठजींनी मला कारण विचारले. ते मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही म्हणायची छाती नव्हती. मी सांगून टाकले, तेलात भेसळ आहे. तेलाचे डबे नेरळ स्टेशनावरून कावडीने आणीत असे डोंगराखालच्या ठाकरवाडीतला कमळू. शेठजींनी भर अंगणात त्याला चोर म्हटले आणि पुन्हा इकडे फिरकू नकोस म्हणून बजावले. मी शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो.

भेसळीची आणि कमळूची हकीकत शेठजींनी अण्णांना कळवलेलीच होती. त्यांनी आल्याबरोबर थोडे तेल काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरले. मग इंजिनाभोवती फिरत ते हवा ओढणाऱ्या नळाशी थांबले. नळाच्या तोंडाला गोणपाटाचे दुहेरी फडके बांधलेले होते. तेल आणि कोंडा बसून ते भाकरीसारखे जाड झाले होते.

“ह्ये कुनी बांधलं रं?”

“मीच. कोंड्याची धूळ आत जाऊ नये म्हणून.”

“धूळ नाय जात, आन् हवा बी नाय जात. हवेबिगर तेल अर्धं कच्चं ऱ्हातं, त्याचीच काजळी धरलीय. तेल चोख हाय. त्या मानसावर आळ कुनी घेतला?”

मी खालमानेने फडके सोडू लागलो.

दोन दिवस अण्णा इंजिनाचे डोके उघडून काजळी खरवडत होते. लोखंडाने ओरखडे पडतील म्हणून त्यांनी तांब्याची पट्टी घेतली होती. एक व्हॉल्व्हही काजळीने चिकटून बसला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन जोडून तयार झाले. भाताच्या गाड्या अंगणात उभ्या होत्या, शेठजी हातात घड्याळ घेऊन उभे होते, आणि अण्णा एक रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसले.

“कमळूभाऊ आल्याबिगर ह्ये चालू व्हनार नाय.”

“अहो मिस्त्री, माणसे पहाटेपासून खोळंबली आहेत.”

“खोळंबू द्या. त्यो आठ दिस खोळंबलाय.”

गावात सगळे ज्याला कमळ्या म्हणत, त्याला भाऊ म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. अण्णांचा पाय सारखा हलत होता, पण डब्यावरून ते उठले नाहीत. त्यांनी माझ्याकडे नुसते पाहिले आणि मी वाडीची वाट धरली.

कमळूची बायको दारातच होती. मला पाहून म्हणाली, “आता काय चोरलं आमी?” कमळू बांबू सोलीत होता. मी चूक कबूल केली, तरी त्याचा कोयता थांबला नाही.

“चोर म्हटलं तवा सारी मानसं व्हती. तू हितं एकलाच येऊन सांगतंस व्हय?”

मी म्हटले, “चल, सगळ्यांसमोर सांगतो.”

कमळू माझ्यामागून अंगणात आला. मी मोठ्याने सांगितले, की तेल चोख होते, फडके मी बांधले आणि आळही मीच घेतला. शेठजींनी बाजूला सरून कमळूला वाट दिली. अण्णांनी टाकीत तेल त्याच्याच हातून ओतवले, तेलाने पेट घ्यावा म्हणून दिव्याच्या ज्योतीने इंजिनाचे डोके तापवले आणि चाक फिरवले. धूर अगदी विरळ निघाला.

आता आपली नोकरी गेली, असे मी धरून चाललो होतो. निघताना अण्णा मला म्हणाले, “नळ भिंतीतनं भायेर काढ, तोंडाला जाळी बसव. आन् ऐतवारी कर्जतला ये, शिकिवतो तुला.” त्या रविवारपासून मी त्यांचा शिष्य आहे. पुढे ते माझ्यावर पुष्कळदा रागावले, पण ती गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही.

सत्काराच्या पुढच्या खुर्च्यांची यादी काल माझ्याकडे आली. तिच्यात शेठजी आहेत, मीही आहे, कमळूभाऊ नाहीत. विचारले तर “ते कोण?” असे उत्तर आले. म्हणून हा कागद फाडला नाही.

अण्णांना उदंड आयुष्य लाभो, इतकी वर्षे काजळी आणि कोंडा खाल्लेली त्यांची छाती मोकळी राहो, आणि हाताला कधी कंप न सुटो, हे मी मनापासून मागतो. पहिला हार मात्र कमळूभाऊंच्या हातून पडला पाहिजे. त्यांना आणायला त्या दिवशी सकाळी मी वाडीवर जाणार आहे. आम्ही दोघे पोचेपर्यंत सभा सुरू करू नये. केलीच, तर अण्णा व्यासपीठावरून उठून दारात येऊन बसतील, हे मी लिहून देतो.