मामाचा उभा काटा

माझ्या मामाला आमच्या गॅरेजमध्ये सगळे काटेमामा म्हणतात. शर्यतीच्या गाड्यांमध्ये मीटर बसवणं हे त्याचं काम. नाव स्वभावावरूनही पडलं असेल, असं मामी म्हणते; पण मामी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून तक्रारच करते आहे.

शर्यतीची गाडी आतून पाहिली नसेल तर सांगते. रेडिओ, गालिचे, मागची सीट, दारांची आतली अस्तरं, सगळं उपटून टाकलेलं असतं. उरतो नुसता पत्रा, छताखाली लोखंडी नळ्यांचा पिंजरा, एक सीट आणि स्टिअरिंग. त्या ओसाड जागेत मामा ॲल्युमिनियमची एक पट्टी बसवतो आणि पट्टीत चार मीटर: इंजिनाचे फेरे, पाण्याची उष्णता, ऑइलची उष्णता आणि ऑइलचा दाब. प्रत्येकाच्या मागे रबराची चकती, नाहीतर हादऱ्यांनी काटे नाचत बसतात.

आता त्याची खोड. मामा मीटर सरळ बसवतच नाही. आधी इंजिन चांगलं तापू देतो. सगळं जसं चालायला हवं तसं चालू लागलं, की क्लॅम्प सैल करून मीटर गोल फिरवतो, काटा अगदी वर उभा राहीपर्यंत. मग आवळतो. आकडे तिरपे होतात, कंपनीचं नाव आडवं पडतं. नवीन आलेल्या पेंटरने एकदा विचारलं, की हे बसवले तेव्हा काटेमामा शुद्धीत होते ना? मामाने त्याला ऐकवलं, की आकडे शाळेत वाचायचे. वळणावर एवढंच बघायचं, चौघं उभे आहेत की एखादा पडलाय.

त्या काट्यांच्या भरवशावर मी सहा वर्षं गाडी चालवली. इंजिन बाबांचं, मीटर मामाचे. दोघे मेहुणे एकमेकांचं एक ऐकत नाहीत, पण दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही एवढं त्यांचं ठरलेलं आहे.

यंदा हंगामाआधी बाबांनी इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधलं. मामाने पट्टी नवी केली, म्हणून मीटरही पुन्हा बसवायचे होते. शर्यतीला दोन दिवस होते. सकाळी मी सीटवर बसून इंजिन चार हजार फेऱ्यांवर धरलं होतं आणि मामा शेजारी, जिथे सीट नव्हती तिथे, पत्र्यावर मांडी घालून एकेक मीटर फिरवत होता. शेवटचा दाबाचा. तो आवळून त्याने अंगठ्याने काच पुसली आणि झालं म्हणाला.

चारही काटे उभे होते, तरी मला काहीतरी खटकलं. दाबाच्या काट्याच्या टोकाशी सहा वर्षं साठ असायचे. आता चाळीस होते. म्हणजे दाब कमी होता आणि मामाने कमी दाबालाच उभं करून ठेवलं होतं. शर्यतीत इंजिन जळून गेलं असतं आणि काटा मला सगळं ठीक आहे म्हणून सांगत राहिला असता.

मी इंजिन बंद केलं. मला भीती वाटली ती इंजिनाची नव्हे, मामाची. मामा हल्ली पेपर मामीकडून वाचून घ्यायचा, चष्मा पुसायचाय म्हणायचा. मागच्या महिन्यात त्याने मला दोनदा पेंटर समजून हाक मारली होती आणि आम्ही सगळे खो खो हसलो होतो. ज्याला आकडे दिसत नाहीत त्याला मीटरला हात कोण लावू देईल? मीटर सोडून मामाला दुसरं काही येत नाही, आवडतही नाही. पण अळीमिळी गुपचिळी करण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

"मामा, दाब किती आहे?"

"काटा उभा आहे ना?"

"मी आकडा विचारतेय."

मामाने पाना मांडीवर ठेवला.

"काटा दिसतो," तो म्हणाला. "आकडे वर्षभर दिसत नाहीत. वाटलं, इतक्या वर्षांनी हातालाच कळत असेल."

मला त्याचा राग आला, कारण गाडीत मी बसणार होते. आणि रडू आलं, कारण तो माझा मामा होता. माझ्या आधी तोच गुडघे सावरत बाहेर पडला आणि बाबांना त्याने स्वतःच सगळं सांगितलं, काही न लपवता.

दाब का कमी आहे ते बघायला बाबांनी इंजिनाचा तळ उघडला. ऑइल ओढणाऱ्या नळीच्या जाळीत सांध्याला लावायच्या लाल पेस्टचा गोळा अडकला होता. ती पेस्ट बाबांनीच हात सैल सोडून फासली होती. जाळी पुसत ते मामाला म्हणाले, "न दिसणारा तू एकटाच नाहीस."

मामीला हे वर्षभर ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसले, असं ती म्हणाली, आणि संध्याकाळच्या आत तिने डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मामाच्या हातात पाना दिला. मामाने तो परत केला. आकडा दिसत नाही म्हणाला.

"तिला दिसतो," बाबा माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले आणि इंजिनाकडे निघून गेले.

मी सीटवर बसले, मामा पत्र्यावर. इंजिन तापलं. मी मोठ्याने आकडे सांगत गेले: पन्नास, पंचावन्न, साठ. साठावर काटा स्थिरावला, तसा मामाने मीटर हळूहळू फिरवत वर आणला आणि थांबला. काटा त्याला दिसतो, हे मला ठाऊक होतं.

"उभा आहे का गं?" त्याने विचारलं. सहा वर्षांत त्याने मला असं कधी विचारलं नव्हतं.

"उभा आहे," मी म्हटलं. मग त्याने क्लॅम्प आवळला.