निळं जाडं पुस्तक

आमच्या संस्थेची तीन कॉलेजं होती, नगर, नेवासा आणि श्रीगोंदा. पण पुस्तकांची यादी एकच, आणि ती पुस्तकं फिरवणारा शिपाईही एकच. दर बुधवारी तो पत्र्याची पेटी घेऊन एसटीनं आमच्या श्रीगोंद्याला यायचा. पुस्तकांची नावं तो कधी घेत नसे. "ते निळं जाडं नेवाशाला हाय," म्हणायचा, आणि ते तिथंच निघायचं.

त्या निळ्या जाड्यावरून माझं, नेवाशाला माझाच विषय शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांशी वर्षभर भांडण चाललं होतं. आम्ही एकमेकांना पाहिलंही नव्हतं. परत करताना पुस्तकात खरमरीत चिठ्ठ्या तेवढ्या घालायचो. परीक्षेच्या तोंडावर दोघांनीही ते एकाच बुधवारी मागितलं.

त्या बुधवारी पेटीची दुसरी कडी धरून एक घामाघूम गृहस्थ आत आले.

"हे नेवाशाचे सर," शिपाई म्हणाला. "पुस्तक एक, मागनारे दोन. फाडता तर येत न्हाई. म्हनून सरांनाच आनलं."

आम्ही दोघंही ओशाळून हसलो. शिपायानं मात्र शांतपणे देवघेवीची वही माझ्यापुढं उघडली.

"सही करा. पुस्तक आन् सर, दोनी संध्याकाळच्या गाडीला परत पायजेत."